सायलेन्सरवरचा लेप आणि उपनगरांचा हिशेब

इंजिनात जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळीला मोटारीत मॅनिफोल्ड किंवा हेडर म्हणतात, दुचाकीत बेंड पाइप. ही नळी साध्या पोलादाची घ्यावी, की सिरॅमिक किंवा दुसरा उष्णतारोधक लेप दिलेली घ्यावी, हा प्रश्न हौशी चालकांच्या जगात नेहमी निघतो. लेप दिलेली नळी साध्या नळीपेक्षा बरीच महाग असते आणि विकणारा दोन फायदे सांगतो: इंजिनाची ताकद वाढते आणि बॉनेटखालची उष्णता घटते. चर्चाही याच दोन मुद्द्यांभोवती फिरत राहते आणि तिचे दाखले येतात ते अमेरिकेतल्या रेसिंगच्या मैदानांवरून. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरच्या रस्त्यांवर मात्र हाच प्रश्न गेली सत्तर वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे. कधी तो क्रोमच्या चकाकीचा होता, कधी काळ्या रंगाच्या पातळ थराचा, कधी स्टेनलेस पोलादाचा. या सगळ्या रूपांचा इतिहास एकत्र पाहिला की एक गोष्ट ठळक होते. इथे लेपावर खर्च केलेल्या पैशाने ताकद फारशी विकत मिळाली नाही. मिळाली ती वर्षे. म्हणून तो खर्च योग्य ठरला की वाया गेला, हे तीन गोष्टींवर अवलंबून राहिले: नळीला नेमका कोणता शत्रू खात होता, गाडी एकाच मालकाकडे किती काळ राहणार होती, आणि लेपाची खरी किंमत कोण भरत होते.

आधी शत्रूंची ओळख करून घेऊ. मुंबईची उपनगरे दोन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेली आहेत. पश्चिमेला वर्सोवा, जुहू, मढ, गोराई हा समुद्राचा आणि खाड्यांचा किनारा. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिच्या काठची मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरे. ज्या हवेत मीठ पिकते तिथे उघडे पोलाद सुखाने राहू शकत नाही. त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो, आणि रस्त्यावर साचलेले पाणी पुढच्या चाकाने उडून नेमके तापलेल्या नळीवर जाते. हा बाहेरचा हल्ला. आतला हल्ला इंधनातूनच येतो. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा जवळपास एक लिटर पाणी तयार होते. नळी तापलेली असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. पण वायूचे तापमान साधारण पन्नास अंशांखाली गेले की वाफेचे थेंब होतात आणि त्यांत गंधक व नायट्रोजनची आम्ले विरघळतात. इंजिनाला जोडलेली पहिली नळी काही क्षणांत तापते, त्यामुळे तिच्यात पाणी टिकत नाही. ते साचते मागच्या डब्यात, म्हणजे लोक ज्याला सायलेन्सर म्हणतात त्यात. मुलुंडच्या एखाद्या वसाहतीतून स्टेशनापर्यंत आणि परत एवढीच धावणारी गाडी कमी वापरलेली असूनही तिचा डबा लवकर सडतो, तो याच कारणाने. दिवसभर धावणाऱ्या रिक्षाचा डबा तापलेलाच राहतो. तिला बाहेरच्या चिखलाचा त्रास अधिक. हा भेद ध्यानात ठेवला तर पुढचा सारा इतिहास उलगडतो.

उपनगरांचा मोटारींशी घट्ट संबंध जुळला तो स्वातंत्र्याच्या आगेमागे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला जुन्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, उभा राहिला. तिथे आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली आणि १९५४ पासून फियाट ११०० बनू लागली. महिंद्रचे कारखाने कांदिवलीत वाढले, भांडुपला सिएटचे टायर निघू लागले. १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेची हद्द टप्प्याटप्प्याने वाढून मुलुंड आणि दहिसरपर्यंत पोहोचली, आणि या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांच्या सावलीत सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे गाळे उभे राहिले. या पहिल्या काळात लेपाचा प्रश्न फारसा निघालाच नाही, कारण नळी जाड होती. फियाटच्या इंजिनाला ओतीव लोखंडाचे भक्कम मॅनिफोल्ड असे. ओतीव लोखंडही गंजते, पण भिंत इतकी जाड की वरचा तांबूस थर तिच्या आयुष्यात खोलवर पोहोचतच नाही. शिवाय हा भाग बॉनेटखाली, चिखलापासून दूर. गंजून जात ते पुढचे पातळ पत्र्याचे पाइप आणि डबा, आणि ते बदलणे हा गॅरेजवाल्यांचा नेहमीचा धंदा होता. जाडी हाच त्या काळचा लेप होता, आणि त्याची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली होती. जगात त्या वेळीही महागडे लेप होते. १९६० च्या दशकातल्या जॅग्वार ई-टाइपच्या मॅनिफोल्डवर काचेसारखा एनॅमलचा थर दिलेला असे. पण तो थर मुख्यतः देखणेपणासाठी होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला त्याची गरज नव्हती.

लेपाचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो दुचाकींबरोबर. मोटरसायकलची नळी झाकलेली नसते. ती पुढच्या चाकाच्या मागे, चिखलाच्या थेट माऱ्यात, सगळ्यांना दिसेल अशी वळण घेऊन जाते. जावा, येझदी, राजदूत, बुलेट या गाड्यांच्या नळ्या आणि सायलेन्सर क्रोमने चकाकत असत. अशा भागांना पुन्हा चकाकी देणारे प्लेटिंगवाले शहरात आणि उपनगरांच्या औद्योगिक गाळ्यांत जॉबवर्कवर काम करत. प्लेटिंगची रीत समजून घेतली की लेपाच्या किमतीचे मर्म कळते. आधी बफिंगच्या चाकावर धातू घासून गुळगुळीत करायचा, तेलकटपणा धुऊन काढायचा, आम्लात बुडवून गंज सोडवायचा, मग विजेच्या प्रवाहाखाली तांब्याच्या, निकेलच्या आणि शेवटी क्रोमच्या टाकीतून काढायचा. डोळ्यांना दिसते ते क्रोम. पण शोभेच्या प्लेटिंगमध्ये त्याचा थर मायक्रॉनच्या अंशाइतकाच असतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. पोलादाचे रक्षण करते ते खालचे निकेल, आणि तेही दहा-वीस मायक्रॉन जाड असेल तरच. भारतात निकेल जवळजवळ सगळे आयात होत असे. परवान्यांच्या काळात ते महाग होते आणि हवे तेव्हा मिळत नसे. साहजिकच काटकसर झाली ती निकेलमध्ये, कारण ग्राहकाला तिथली काटकसर दिसत नाही. पहिल्या दिवशी जाड निकेलची नळी आणि पातळ निकेलची नळी सारख्याच चमकतात. फरक पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर दिसतो, जेव्हा छिद्रांतून शिरलेले खारे पाणी पोलाद खाऊ लागते आणि क्रोम पापुद्र्यासारखे सुटते. म्हणजे त्या काळी जादा खर्च वाया जाई तो लेप निरुपयोगी होता म्हणून नव्हे, तर पैसे खऱ्या लेपाचे आणि थर नावापुरता असे म्हणून.

या लेपाची आणखी एक किंमत होती, जी ग्राहकाच्या बिलात कधीच आली नाही. क्रोमच्या टाकीतून उडणारे क्रोमिक आम्लाचे बारीक तुषार श्वासावाटे कामगाराच्या नाकात जातात. त्याने नाकाच्या पडद्याला व्रण पडतात आणि पुढे भोकही पडते, हे प्लेटिंगच्या कामातले जगभर नोंदले गेलेले दुखणे आहे. टाकी धुतल्यावर निघणाऱ्या पाण्यात विषारी क्रोमियम आणि निकेल असते. ते पाणी प्रक्रिया न करता सोडले तर शेवटी नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. उपनगरांच्या मध्यातून वाहणारी मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापाशी सुरू होते, साकीनाका, कुर्ला, कलिना या दाट वस्तीच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यातून जाते आणि माहीमच्या खाडीत मिळते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले, १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा आला. तरीही छोट्या गाळ्यांचे सांडपाणी, भंगारातले तेल आणि वस्त्यांचा कचरा मिठीत येतच राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपल्या पोटात साठवलेले सारे लोकांच्या घरांत आणून टाकले, तेव्हा कुठे शहराचे लक्ष तिच्याकडे गेले. स्वस्त चकाकीचा खर्च कमी दिसत होता, कारण त्याचा मोठा हिस्सा कामगाराचे नाक आणि नदीचे पाणी भरत होते. कोटिंग परवडते का, असे विचारताना हा हिस्सा सोडून दिला तर हिशेब खोटा ठरतो.

मग आपल्याकडच्या सर्वात जास्त चालणाऱ्या गाड्यांना, स्कूटर आणि रिक्षांना, लेप का लाभला नाही? कारण टू-स्ट्रोक इंजिन. मुंबईत रिक्षा माहीम आणि सायनच्या दक्षिणेला जाऊ शकत नाही, म्हणून ती उपनगरांचीच गाडी झाली, आणि अनेक दशके ती टू-स्ट्रोक होती. या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. जे पुरते जळत नाही ते काजळी आणि चिकट राळ होऊन सायलेन्सरमध्ये साचते. काही महिन्यांनी वायूची वाट अडते, गाडी ओढत नाही. त्यावर मेकॅनिकचा उपाय ठरलेला: सायलेन्सर काढायचा आणि आगीत जाळायचा किंवा कॉस्टिक सोड्यात उकळायचा. आगीत काजळी जाते, पण तिच्याबरोबर वरचा रंगही जातो आणि क्रोम निळे-पिवळे पडून खराब होते. ज्या भागाला वर्षातून एकदोनदा भट्टी दाखवायची त्यावर महागडा लेप देण्यात अर्थ नव्हता. साधा पत्रा, वर उष्णता सोसणारा काळा रंग, आणि फुटला की नवा, हीच रीत या यंत्राला शोभणारी होती. इथे चालकांनी लेपावर पैसे घातले नाहीत यात अज्ञान नव्हते. यंत्राचे काम बघूनच त्यांनी तो निर्णय घेतला होता.

इंधन बदलले तेव्हा शत्रूही बदलला. पेट्रोलमध्ये शिसे असे त्या काळी सिलिंडरमध्ये शिसे साचू नये म्हणून क्लोरीन आणि ब्रोमीनची संयुगे मिसळत. जळल्यावर त्यांची तीव्र आम्ले होत आणि ती डब्याला आतून खात. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये देशभरातून शिसे हटले. गंधकही उतरत गेले: २०१० च्या बीएस-४ (भारत स्टेज) मानकाच्या पेट्रोलमध्ये दहा लाख भागांत ५०, आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ मध्ये फक्त १०. दुसरीकडे धुराविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ च्या अखेरीस लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या शिफारशींनंतर जुन्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर नेण्याचे आदेश झाले. त्यासाठी लागणारे जाळे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसने उभे केले. सीएनजी हा मुख्यतः मिथेन. एक किलो मिथेन जळल्यावर सव्वादोन किलो पाणी तयार होते. तेवढ्याच ऊर्जेसाठी पेट्रोलपेक्षा हे पाणी सुमारे दीडपट भरते. म्हणजे आम्ल घटले, पण पाणी वाढले. म्हणूनच सीएनजीची गाडी थोडे अंतर जाऊन उभी राहते तेव्हा तिच्या मागच्या डब्याची काळजी अधिक घ्यावी लागते. लक्षात घ्यायचे ते हे की यातला कोणताही बदल पहिल्या नळीसाठी निर्णायक नव्हता. पाणी साचते ते मागे. हेडरवर कितीही उत्तम सिरॅमिक चढवले तरी त्याने मागचा डबा वाचत नाही. फार तर वायू थोडा अधिक गरम राहून मागे पोहोचतो, इतकेच.

आता मालकीचा मुद्दा. उपनगरांतल्या बऱ्याच रिक्षा आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सी चालकाच्या मालकीच्या नसतात. तो शिफ्टचे भाडे देऊन त्या चालवतो. गाडी रस्त्यावर नसेल तर त्या दिवशीची कमाई चालकाची बुडते, दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा मालकाचा. पाच वर्षांनी फायदा देणाऱ्या लेपावर पैसे घालायला अशा व्यवस्थेत कोणालाच कारण उरत नाही. याउलट परवान्यांच्या काळात घरगुती गाडी वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेनंतर हाती येई आणि वीस-वीस वर्षे त्याच घरात राही. तिला दर दिवाळीआधी गंजरोधक रंग देणे, खालून ग्रीस मारणे ही घराची रीत होती, कारण खर्च करणारा आणि फायदा घेणारा एकच होता. पुढे कायद्यानेही आयुष्याला मर्यादा घातली. मुंबईत टॅक्सीचे वय वीस वर्षांवर थांबवले गेले, आणि शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून निवृत्त झाली. ज्या गाडीला इतकीच वर्षे कायद्याने दिली आहेत तिच्या नळीला त्याहून जास्त आयुष्य विकत घेणे व्यर्थ आहे. जी पद्मिनी किंवा जुनी जीप आता कोणी जतन करून ठेवतो, तिचे गणित मात्र उलटे आहे: तिचे ओतीव मॅनिफोल्ड नवे मिळत नाही, म्हणून उरलेल्याला चांगला लेप देणे हाच शहाणपणा.

एवढ्यावर कोणी म्हणेल की या जुन्या गोष्टी प्लेटिंगच्या आहेत. आजचे सिरॅमिक हे वेगळे तंत्र आहे आणि ते ताकद देते. यातला पहिला भाग खरा आहे. उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिक थरांचा उगम रॉकेट आणि जेट इंजिनांत आहे. १९६० च्या दशकात एक्स-१५ या अमेरिकन रॉकेट-विमानाच्या नॉझलवर झिर्कोनियाचा थर दिलेला होता. तिथून ते रेसिंगमध्ये आले. नळीतला वायू गरम राहिला तर तो वेगाने निघून जातो आणि पुढच्या फेऱ्यातला वायू ओढून घ्यायला मदत होते, हे तत्त्वतः बरोबर आहे. पण हा लाभ पूर्ण थ्रॉटलवर, जास्त फेऱ्यांत, त्यासाठीच आखलेल्या नळ्यांमध्ये मिळतो, आणि तोही थोडाच. घाटकोपरच्या सिग्नलला दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या दीडशे सीसीच्या इंजिनाला तो कधी भेटतच नाही. पश्चिम द्रुतगती मार्गावर दहिसरपासून अंधेरीपर्यंत सकाळी ज्या वेगाने वाहने चालतात त्या वेगाला उष्णता कमी करणे उपयोगी आहे, ताकद वाढवणे नाही. दुचाकीस्वाराच्या पायाशी असलेली नळी थोडी कमी भाजली तर तो खरा लाभ आहे, हे मान्य करायला हवे. मात्र लेप उष्णता नाहीशी करत नाही, ती आत कोंडतो. पोलादाची भिंत पातळ असेल आणि लेप फक्त बाहेरून असेल तर धातू जास्त तापतो आणि वेल्डच्या ठिकाणी तडे लवकर जातात. म्हणून नळी चांगल्या जाडीची असली पाहिजे, आणि लेप आतून-बाहेरून, एकदाही वापरण्याआधी दिलेला असला पाहिजे. कापडी पट्टी गुंडाळून हाच परिणाम स्वस्तात साधणे आपल्या हवेत तर घातकच, कारण ती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि नळी तिच्याखाली गंजत राहते.

दुसरा आक्षेप उपनगरांच्या रस्त्यावरून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, नाक्यानाक्यावर वेल्डिंगवाला आहे, भोक पडले तर तो पत्रा लावून थोड्या पैशांत काम करून देतो. मग लेपावर जास्त पैसे कशाला? ज्याची गाडी दोन-तीन वर्षांत विकायची आहे त्याच्यासाठी हे उत्तर पूर्ण बरोबर आहे, आणि रिक्षाचालकाने ते नेहमीच दिले आहे. पण दुरुस्तीचा खर्च वेल्डिंगपुरता नसतो. नळी इंजिनापाशी गळू लागली की बाहेरची हवा आत ओढली जाते. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर त्यामुळे चुकीची नोंद देतो आणि संगणक पेट्रोल जास्त पाठवतो. जळलेल्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड गळतीतून गाडीच्या आत येऊ शकतो, आणि बंद काचांच्या गाडीत तो जिवावर बेततो. वेल्डिंगने जळालेल्या भागाभोवतीचा पत्रा पुन्हा लवकर गंजतो, म्हणून एका दुरुस्तीनंतर दुसरी येतेच. स्वस्त दुरुस्तीची सोय हे चांगले रक्षण न करण्याचे कारण होऊ शकत नाही. ती फक्त चूक झाली तर सावरण्याची सोय आहे.

तिसरा आक्षेप मात्र लेपाच्या मुळावरच येतो: नळीच स्टेनलेस पोलादाची असेल तर लेप हवाच कशाला? इतिहास या आक्षेपाच्या बाजूने आहे. आपल्या स्वयंपाकघरात कल्हईवाला आला की पितळेची पातेली बाहेर येत. स्टीलची भांडी आली आणि कल्हईची गरज संपली, कारण बदल झाला तो वरच्या थरात नव्हे, मूळ धातूतच. सायलेन्सरच्या बाबतीतही तेच झाले. मोटार कंपन्यांनी हळूहळू साध्या पोलादाऐवजी अल्युमिनियमचा थर दिलेले पोलाद आणि सुमारे ११ टक्के क्रोमियम असलेले स्टेनलेस वापरायला घेतले. महागड्या नळ्यांत १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे. यातले कोणतेही पोलाद अमर नाही, खाऱ्या हवेत त्यावरही खड्डे पडतात. पण प्लेटिंगच्या तुलनेत स्टेनलेसवरून थर सुटण्याचा प्रश्न नाही, कारण संरक्षण धातूच्या अंगातच आहे. म्हणून उपनगरांत राहणाऱ्याकडे जादा पैसे असतील तर ते आधी धातूवर घालावेत, मग लेपावर. साध्या पोलादावर उत्तम सिरॅमिक आणि स्टेनलेसवर काहीच नाही, अशा दोन नळ्यांची किंमत सारखी असेल तर दैनंदिन वापराला स्टेनलेसच बरे. सिरॅमिकला दगड लागून टवका उडाला की तिथून गंज सुरू होतो, स्टेनलेसला तशी कमजोर जागा नाही.

शेवटी कायदा आणि यंत्राची नवी रचना. बीएस-६ नियमांखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाच्या शक्य तितक्या जवळ आणावा लागला, कारण तो साधारण अडीचशे-तीनशे अंशांवर गेल्याशिवाय काम करत नाही आणि थंड गाडीतून निघणारे पहिल्या मिनिटांचे प्रदूषण सर्वाधिक असते. अनेक मोटारींत तो आता मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. तो काढून वेगळे हेडर बसवणे म्हणजे प्रदूषण-नियंत्रण काढून टाकणे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. ध्वनी आणि वायूच्या मानकांचे उल्लंघन केले तर कलम १९० खाली दंडही आहे. मजेदार आवाजासाठी बदललेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी केलेल्या कारवाया सर्वांना माहीत आहेत. म्हणजे नव्या मोटारीसाठी लेप दिलेल्या हेडरचा प्रश्न कायद्यानेच जवळपास सोडवला आहे. यातली जमेची बाजू अशी की नळीतली उष्णता आत राखावी हे लेपाचे मूळ सूत्र आता कारखान्यातूनच दुहेरी भिंती आणि उष्णतारोधक पत्र्यांच्या रूपात येते आणि त्याचा उपयोग हवा स्वच्छ ठेवण्यासाठी होतो.

तेव्हा आज ठरवायचे कसे? नवी मोटार असेल तर हेडरवर पैसे घालू नयेत. तेच पैसे मागचा डबा वेळेवर बदलण्यावर आणि आठवड्यातून एकदा गाडी चांगली तापेपर्यंत चालवून आतले पाणी वाळवण्यावर खर्च करावेत. दुचाकी असेल, नळी साध्या पोलादाची आणि उघडी असेल, गाडी आणखी बरेच पावसाळे आपल्याकडेच राहणार असेल, तर मूळ मापाच्या नळीवर चांगला लेप देणे योग्य आहे, ताकदीसाठी नव्हे, मीठ आणि चिखलासाठी. जतन केलेली जुनी गाडी असेल तर खर्च नक्की करावा. आणि लेप कुठेही द्यायचा असेल तर देणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: थर किती जाड आणि आतूनही आहे का, आणि टाकीचे पाणी प्रक्रिया करून सोडता का. या दोन्हींची उत्तरे देणारा गाळा स्वस्त असणार नाही. पण उपनगरांच्या सत्तर वर्षांनी शिकवले आहे की स्वस्त लेपाचे बिल थोड्याच पावसाळ्यांनी पुन्हा येते आणि त्यातला मोठा भाग कामगाराच्या आणि नदीच्या नावे लिहिलेला असतो. आपल्या गाडीला आयुष्य विकत घेताना त्याची पूर्ण किंमत आपणच भरावी. ती भरण्याची तयारी नसेल तर साधी नळी घ्यावी आणि ती गंजेपर्यंत प्रामाणिकपणे वापरावी.